नव्या घरगुती कॉम्प्युटरसाठी ड्राइव्ह: काय घ्यायचं, कुठे बसवायचं, कोणत्या क्रमाने

नवा कॉम्प्युटर जोडला, विंडोज टाकलं, वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग एक दिवस जुनी हार्ड डिस्क काढली आणि मशीन सुरूच होईना. विंडोज तर नव्या एसएसडीवर (फिरता भाग नसलेल्या जलद ड्राइव्हवर) होतं! पण ज्या छोट्या पार्टिशनवरून (ड्राइव्हच्या वेगळ्या आखलेल्या भागावरून) कॉम्प्युटर सुरू होतो, ते इन्स्टॉलरने जुन्या डिस्कवर करून ठेवलं होतं, कारण विंडोज टाकताना दोन्ही ड्राइव्ह जोडलेले होते. ड्राइव्हच्या बहुतेक तक्रारी अशाच असतात. माल चांगला असतो, क्रम चुकलेला असतो. म्हणून खालचे टप्पे पुढे-मागे करू नका. पहिले चार टप्पे पैसे देण्याआधीचे आहेत.

## टप्पा १: आधी डेटा मोजा

जुना कॉम्प्युटर आणि घरातले फोन समोर ठेवा आणि डेटाचे दोन ढीग करा. पहिल्यात पुन्हा मिळू शकणारा डेटा: विंडोज, सॉफ्टवेअर, गेम. दुसऱ्यात पुन्हा कधीच न मिळणारा: फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं, हिशेब, स्वतः केलेलं काम. फोल्डरवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडलं की आकार दिसतो. अंदाजाने आकडे लिहू नका. फोटोंचा अंदाज जवळजवळ नेहमीच कमी निघतो.

विंडोजसाठी १०० जीबी धरा. ताजं विंडोज त्याच्या निम्म्याहूनही कमी जागा घेतं, पण पेजफाइल (रॅम कमी पडली की वापरायची फाइल), हायबरनेशनची फाइल (मशीन झोपवताना रॅममधलं काम साठवणारी) आणि मोठ्या अपडेटच्या वेळी उरणारी जुनी आवृत्ती हे सगळं सी ड्राइव्हवरच बसतं. हायबरनेशनची फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के असते, म्हणजे ३२ जीबी रॅम असेल तर १२-१३ जीबी तिथेच गेले.

एका घराचा हिशेब करून पाहू. विंडोज १००, सॉफ्टवेअर ४०, तीन मोठे गेम मिळून ३००, फोटो-व्हिडिओ २८०, कागदपत्रं २०. झाले ७४० जीबी. फोनमधून वर्षाला ६० जीबी भर पडते असं धरलं तर तीन वर्षांत ९२०. एसएसडीत १५-२० टक्के जागा मोकळी राहिली पाहिजे, म्हणजे किमान ११०० जीबी हवेत. आता १ टीबीचा ड्राइव्ह घेतला तर विंडोज त्यात ९३१ जीबी दाखवेल. या घराला एकतर २ टीबी हवा, नाहीतर फोटोंसाठी वेगळा ड्राइव्ह.

९३१ च्या आकड्यावरून दुकानदाराशी वाद घालू नका. बनवणारी कंपनी १ टीबी म्हणजे १ वर १२ शून्यं इतके बाइट धरते, तर विंडोज १०२४ ने तीनदा भागतं. त्यामुळे ५०० जीबीचे ४६५ आणि २ टीबीचे १८६३ दिसतात. जागा कुठेही गेलेली नसते.

तपासा: दुसऱ्या ढिगाचा आकडा वेगळा लिहून ठेवला का? बॅकअपची डिस्क त्याच आकड्यावरून घ्यायची आहे.

## टप्पा २: मदरबोर्डचं मॅन्युअल उघडा

हा टप्पा लोक सर्रास गाळतात आणि ड्राइव्ह घरी आल्यावर पस्तावतात. मॅन्युअल कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतं. त्यातलं स्टोरेजचं पान काढा आणि पाच गोष्टी टिपा.

१. एम.२ चे (मदरबोर्डवर थेट बसणाऱ्या चपट्या ड्राइव्हचे) स्लॉट किती, आणि त्यातला प्रोसेसरला थेट जोडलेला कोणता. बहुधा तो प्रोसेसरच्या सगळ्यात जवळचा असतो. विंडोजचा ड्राइव्ह तिथे जाईल.

२. कोणत्या लांबीचा ड्राइव्ह बसतो. २२८० म्हणजे २२ मिलिमीटर रुंद, ८० मिलिमीटर लांब. डेस्कटॉपला हाच चालतो. छोट्या तयार मशीनमध्ये मात्र २२३० किंवा २२४२ असू शकतो.

३. प्रत्येक स्लॉट पीसीआयईची (मदरबोर्डवरच्या जलद जोडणीची) कितवी पिढी आणि किती लेन (डेटाच्या वाटा) देतो. चौथ्या पिढीचा ड्राइव्ह तिसऱ्या पिढीच्या स्लॉटमध्ये चालतो, पण तिसऱ्या पिढीच्याच वेगाने.

४. स्लॉट एनव्हीएमई (पीसीआयईवरून चालणारे जलद ड्राइव्ह) घेतो, साटा (जुनी, हळू जोडणी) घेतो, की दोन्ही.

५. कोणता स्लॉट भरल्यावर काय बंद पडतं. बारीक अक्षरातल्या टीपेत असं काही असतं: दुसरा एम.२ वापरल्यास साटा पोर्ट ५ आणि ६ चालणार नाहीत. ही टीप न वाचता हार्ड डिस्क नेमकी पाचव्या पोर्टला लावली जाते, ती दिसत नाही, आणि बिचारी चांगली डिस्क बदलून आणली जाते.

सावधान: एम.२ हे फक्त आकाराचं नाव आहे, वेगाचं नाही. एम.२ आकाराची साटा एसएसडी एनव्हीएमईच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, पण स्लॉट फक्त एनव्हीएमईचा असेल तर ती बायोसमध्ये (मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगच्या प्रोग्राममध्ये) दिसतच नाही. वाय-फाय कार्डाचा छोटा एम.२ स्लॉटही वेगळा असतो. ड्राइव्ह तिथे घुसवू नका.

## टप्पा ३: मांडणी ठरवा

बहुतेक घरांसाठी उत्तर साधं आहे: १ किंवा २ टीबीची एकच एनव्हीएमई एसएसडी आत, आणि बॅकअपसाठी एक बाहेरची हार्ड डिस्क. बाकी सगळे या मांडणीचे अपवाद.

व्हिडिओचा साठा टीबींमध्ये मोजावा लागत असेल तर आत ४ टीबी किंवा त्याहून मोठी हार्ड डिस्क वाढवा. चित्रपट बघणं, फोटो जपून ठेवणं यांना हार्ड डिस्कचा वेग पुरतो. व्हिडिओ एडिटिंग रोजचं असेल तर दुसरीही एसएसडीच घ्या: एकीवर विंडोज आणि सॉफ्टवेअर, दुसरीवर चालू प्रोजेक्ट.

आता काय करू नये ते.

२५० जीबीची एसएसडी विंडोजला आणि १ टीबीची हार्ड डिस्क बाकी सगळ्याला, ही जुनी जोडी नव्या मशीनमध्ये आणू नका. छोटी एसएसडी वर्षभरात तुडुंब भरते आणि मग काय कुठे हलवायचं हा रोजचा उद्योग होऊन बसतो.

एकाच एसएसडीचे सी, डी, ई असे तुकडे पाडायची सवयही सोडून द्या. डी ड्राइव्हवरचा डेटा सुरक्षित असतो हा समज विंडोज पुन्हा टाकण्यापुरताच खरा आहे. एसएसडी गेली की तिन्ही अक्षरं एकदम जातात. शिवाय सी भरलेला आणि डी निम्मा रिकामा, ही अडचण आपणच विकत घेतलेली असते.

रेड म्हणजे दोन-तीन ड्राइव्ह एकत्र जोडून एकासारखे वापरणं. रेड ० मध्ये दोनपैकी एक ड्राइव्ह गेला तरी सगळं जातं, घरी त्याचं कामच नाही. रेड १ मध्ये दोन्हीकडे एकसारखा डेटा असतो खरा, पण चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून त्याच क्षणी पुसली जाते. ड्राइव्ह बंद पडला तरी काम थांबू नये म्हणून ती सोय आहे. तिला बॅकअप समजू नका.

## टप्पा ४: खोक्यावरचे आकडे वाचा

सगळ्यात मोठ्या अक्षरात वेग छापलेला असतो, आणि घरच्या वापरात सगळ्यात कमी फरक त्यानेच पडतो. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, तिसऱ्या पिढीची एनव्हीएमई ३५००, चौथ्या पिढीची ७००० च्या आसपास. हा मोठी सलग फाइल वाचण्याचा वेग आहे. विंडोज सुरू होताना हजारो बारीक फाइली विखुरलेल्या जागांवरून वाचल्या जातात. हार्ड डिस्कचं डोकं प्रत्येक वेळी तबकडीवर सरकतं आणि सेकंदाला शंभरेक विनंत्यांवर दमतं. एसएसडी त्याच वेळात हजारोंनी पुऱ्या करते. म्हणून हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आल्याचा फरक लगेच जाणवतो, आणि तिसऱ्या पिढीवरून पाचव्यावर गेल्याचा घड्याळ लावून शोधावा लागतो. पाचव्या पिढीचे ड्राइव्ह तापतातही जास्त आणि त्यांना दणकट हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) लागतो. घरासाठी चौथी पिढी पुरे.

खरा फरक पाडणाऱ्या गोष्टी बारीक अक्षरात असतात.

टीएलसी की क्यूएलसी. टीएलसीच्या एका पेशीत ३ बिट बसतात, क्यूएलसीत ४. क्यूएलसी स्वस्त, पण लिहायला हळू. हे झाकायला ड्राइव्ह आपल्याच काही भागाचा जलद कॅशे (तात्पुरती साठवण) म्हणून वापर करतो. नवा रिकामा ड्राइव्ह म्हणूनच झकास पळतो. जुन्या कॉम्प्युटरमधून ३०० जीबी फोटो एकदम कॉपी करायला घ्या: सुरुवातीला कॉपीच्या खिडकीत हिरवा आलेख वर टेकलेला असतो, कॅशे भरला की तो कड्यावरून पडावा तसा खाली येतो, आणि काही स्वस्त क्यूएलसी ड्राइव्ह सेकंदाला १०० एमबीवर, म्हणजे हार्ड डिस्कच्याही खाली जातात. ड्राइव्ह जितका भरलेला, तितका हा कॅशे लहान होत जातो. विंडोजच्या ड्राइव्हसाठी टीएलसीच घ्या. फक्त गेम ठेवायला क्यूएलसी चालेल, कारण गेम एकदा लिहिला जातो आणि वाचलाच जास्त जातो.

डीरॅम (ड्राइव्हवरची स्वतःची छोटी मेमरी) आहे की नाही. नसेल तर एनव्हीएमई ड्राइव्ह एचएमबी या सोयीने कॉम्प्युटरच्या रॅममधला थोडा भाग वापरतो, आणि घरच्या कामाला तेवढं पुरतं. साटा एसएसडीला ही सोय नाही. त्यामुळे विंडोजसाठी साटा एसएसडीच घेणं भाग असेल तर डीरॅम असलेली बघा.

टीबीडब्ल्यू. वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिता येतील तो आकडा. १ टीबीच्या टीएलसी ड्राइव्हला ६०० टीबीडब्ल्यू सर्रास दिसतो. रोज ४० जीबी लिहिलं तरी वर्षाला १४.६ टीबी होतात, म्हणजे ६०० संपायला ४१ वर्षं. एसएसडी झिजेल म्हणून ब्राउझरचा कॅशे हार्ड डिस्कवर हलवण्याचे उपद्व्याप करू नका.

हार्ड डिस्क: सीएमआर की एसएमआर. सीएमआर डिस्कमध्ये डेटाचे पट्टे शेजारी-शेजारी सुटे असतात, एसएमआरमध्ये कौलांसारखे एकमेकांवर चढवलेले. एक बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात, म्हणून सलग मोठं लिखाण चालू असताना एसएमआर डिस्क मध्येच रेंगाळते. आत बसवून रोज वापरायची डिस्क सीएमआर घ्या. आठवड्यातून एकदा जोडायच्या बॅकअपच्या डिस्कला एसएमआर चालते. हे खोक्यावर क्वचितच छापतात, कंपनीच्या तांत्रिक पत्रकात शोधावं लागतं.

सावधान: त्याच नावाच्या मॉडेलमधली चिप पुढच्या मालात बदलल्याचं अनेकदा घडलं आहे. दोन वर्षांपूर्वीच्या परीक्षणावर विसंबू नका.

## टप्पा ५: ड्राइव्ह बसवा

मागचा स्विच बंद करा, वायर काढा, पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून उरलेली वीज घालवा आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावा.

१. आत्ता फक्त विंडोजचा ड्राइव्ह बसवा. बाकीचे टेबलावरच राहू द्या. का ते पुढच्या टप्प्यात.

२. एम.२ ड्राइव्ह स्लॉटमध्ये साधारण ३० अंशांच्या कोनात आत सरकवा, सोनेरी पट्टी जवळजवळ दिसेनाशी होईपर्यंत. सोडल्यावर तो थोडा वर उचललेला राहतो, हे बरोबर आहे. मग हलकेच खाली दाबून टोकाचा स्क्रू लावा.

३. स्क्रूखालचा छोटा पितळी खांब ८० मिलिमीटरच्या भोकातच आहे ना ते आधी पाहा. खांब नसताना स्क्रू आवळला की ड्राइव्ह धनुष्यासारखा वाकतो.

४. हीटसिंकच्या पॅडवरचं पातळ प्लॅस्टिक सोलून काढा. ते तसंच ठेवून हीटसिंक लावणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक असेल. उष्णता अडते, ड्राइव्ह तापतो आणि स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. ड्राइव्हवरचं लेबल मात्र काढू नका, वॉरंटी जाते.

पुढे हार्ड डिस्क लावाल तेव्हा लक्षात ठेवा: ३.५ इंची डिस्कला जाड आट्यांचे स्क्रू लागतात, २.५ इंची एसएसडीला बारीक आट्यांचे. स्क्रू हाताने फिरत नसेल तर तो चुकीचा आहे, जोर लावू नका.

सावधान: मॉड्युलर (केबल सुट्या काढता येणाऱ्या) पॉवर सप्लायची केबल दुसऱ्या सप्लायला कधीही लावू नका, जुन्या मशीनची घरात पडून असली तरी. ड्राइव्हच्या बाजूचं टोक सारखंच असतं, पण सप्लायच्या बाजूला तारांचा क्रम प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. ५ व्होल्टच्या जागी १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह त्याच क्षणी जळतो. मोलेक्समधून (जुन्या चार पिनांच्या पॉवरच्या जोडातून) साटा काढणारे साच्यात ओतलेले स्वस्त कन्व्हर्टरही टाळा. आतल्या तारा एकमेकींना भिडून पेटल्याची उदाहरणं आहेत.

## टप्पा ६: विंडोज टाका, एकाच ड्राइव्हवर

१. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मायक्रोसॉफ्टच्याच साधनाने इन्स्टॉलर करून घ्या.

२. बायोसमध्ये ड्राइव्ह दिसतो का पाहा. यूईएफआय (कॉम्प्युटर सुरू होण्याची नवी पद्धत) चालू आणि सीएसएम (जुन्या पद्धतीची सोय) बंद हवं. सीएसएममधून जुन्या पद्धतीने सुरुवात झाली की ड्राइव्हवर एमबीआरची (पार्टिशनच्या जुन्या पद्धतीची) आखणी होते, आणि एमबीआरला २ टीबीच्या पलीकडची जागा वापरता येत नाही.

३. इन्स्टॉलरचा पेनड्राइव्ह सोडला तर यादीत एकच डिस्क दिसली पाहिजे. मोकळी जागा निवडून पुढे जा, पार्टिशन स्वतः आखत बसू नका. यादीत दुसरी डिस्क दिसली तर थांबा, मशीन बंद करा, ती काढा.

४. बायोसला ड्राइव्ह दिसतो पण इन्स्टॉलरला नाही, असं इंटेलच्या अनेक मशीनमध्ये होतं. कारण बहुधा बायोसमधलं व्हीएमडी (इंटेलची ड्राइव्ह हाताळणारी सोय). एकतर ते बंद करा, नाहीतर इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर पेनड्राइव्हवर ठेवून लोड ड्रायव्हरने दाखवा. हा निर्णय विंडोज टाकण्याआधीच घ्या. नंतर बदललात तर चालू विंडोज सुरू होणं थांबू शकतं.

तपासा: विंडोज सुरू झाल्यावर डिस्क मॅनेजमेंट उघडा. ईएफआय सिस्टम पार्टिशन (कॉम्प्युटर सुरू करणारं तेच छोटं पार्टिशन) आणि सी एकाच डिस्कच्या ओळीत दिसले पाहिजेत.

सावधान: विंडोज ११ मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलं की अनेक मशीनवर डिव्हाइस एन्क्रिप्शन (ड्राइव्हवरचा डेटा कुलूपबंद करणं) आपोआप चालू होतं. ४८ अंकी रिकव्हरी की त्या खात्यात साठते. ती आत्ताच कागदावर उतरवा. खात्याचा पासवर्ड हरवला आणि मदरबोर्ड बदलावा लागला तर त्या कीशिवाय ड्राइव्ह कोणालाच वाचता येणार नाही.

## टप्पा ७: आता दुसरा ड्राइव्ह जोडा

मशीन पूर्ण बंद करून ड्राइव्ह लावा. नवा असेल तर डिस्क मॅनेजमेंट तो इनिशियलाइझ करू का विचारेल. जीपीटी (एमबीआरच्या जागी आलेली नवी आखणी) निवडा, एनटीएफएसने (विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने) फॉरमॅट करा आणि सुटसुटीत नाव द्या.

सावधान: जुन्या, डेटा असलेल्या डिस्कबद्दल हाच प्रश्न आला तर होकार देऊ नका. तिची आखणी विंडोजला वाचता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ. रद्द करा, केबल बदलून पाहा, जुन्या मशीनला लावून पाहा.

नवी हार्ड डिस्क भरण्याआधी क्विक फॉरमॅटची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करा. विंडोज तेव्हा डिस्कभर लिहून खराब जागा शोधतं. ४ टीबीला सात-आठ तास लागतात, रात्री लावून ठेवा. डिस्क सदोष असेल तर ती आत्ताच कळलेली बरी, अजून बदलूनही मिळते.

फोटो, डॉक्युमेंट्स हे फोल्डर नव्या ड्राइव्हवर न्यायचे तर फोल्डरच्या प्रॉपर्टीजमधला लोकेशन टॅब वापरा. पण आधी त्या ड्राइव्हवर त्याच नावाचं रिकामं फोल्डर करा आणि तेच निवडा. नुसता डी ड्राइव्ह निवडलात तर अख्खा डी म्हणजेच डॉक्युमेंट्स होऊन बसतो आणि ते सरळ उलटवता येत नाही.

## टप्पा ८: बॅकअप, जुनी डिस्क पुसण्याआधी

टप्पा १ मध्ये लिहिलेला दुसऱ्या ढिगाचा आकडा काढा. बाहेरची डिस्क त्याच्या किमान दुप्पट हवी, म्हणजे फाइलींच्या जुन्या आवृत्त्याही मावतात. विंडोजमधलं फाइल हिस्टरी (फाइलींच्या प्रती आपोआप ठेवणारी सोय) पुरेसं आहे, फक्त आपले फोल्डर त्याच्या यादीत आहेत ना ते उघडून पाहा.

बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवा. सतत जोडलेली डिस्क रॅन्समवेअरलाही (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसलाही) तितकीच उघडी असते. कपाटात ठेवायला हार्ड डिस्क बरी. एसएसडी विजेशिवाय वर्षानुवर्षं पडून राहण्यासाठी बनवलेली नसते.

अगदी मोलाच्या डेटाची तिसरी प्रत घराबाहेर हवी, नातेवाइकांकडे किंवा क्लाउडवर. पण क्लाउडची सिंक आणि बॅकअप एक नव्हेत. इथे पुसलेलं तिथूनही पुसलं जातं, फार तर काही दिवस कचऱ्याच्या डब्यात राहतं.

तपासा: बॅकअपमधून एक फोटो आणि एक कागदपत्र वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणा आणि उघडून बघा. हे झाल्यावरही जुनी डिस्क महिनाभर तशीच ठेवा. काहीतरी राहून गेलेलं असतंच, बहुधा डेस्कटॉपवरचं.

## टप्पा ९: पहिल्या आठवड्यातली नजर

क्रिस्टलडिस्कइन्फो हे ड्राइव्हची तब्येत दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर टाका. ट्रान्सफर मोडमध्ये दोन आकडे दिसतात, सध्याचा आणि शक्य असलेला. चौथ्या पिढीचा ड्राइव्ह तिसऱ्या पिढीवर चाललेला दिसला तर तो चुकीच्या स्लॉटमध्ये असण्याची शक्यता मोठी. दोन लेनवर दिसला तर स्लॉटच दोन लेनचा आहे, किंवा ड्राइव्ह नीट आत गेलेला नाही. मोठी कॉपी चालू ठेवून तापमानही बघा. ८० अंशांच्या पुढे जात असेल तर आधी पॅडवरचं ते प्लॅस्टिक आठवा.

एसएसडीला डीफ्रॅगची वेगळी सॉफ्टवेअरं लावू नका. विंडोजचं ऑप्टिमाइझ ड्राइव्हज ती एसएसडी आहे हे ओळखून ट्रिम (कोणती जागा मोकळी झाली ते एसएसडीला कळवणारी सूचना) पाठवतं. वेळापत्रक चालू आहे ना, एवढंच पाहा.

हार्ड डिस्कच्या यादीत ०५ (बदललेल्या खराब जागा) आणि सी५ (संशयित जागा) या ओळींमागे शून्य हवं. पूर्ण फॉरमॅटनंतर नव्या डिस्कवर तिथे काहीही आकडा आला तर डिस्क बदलून घ्या. सी७ (डेटा पोचताना झालेल्या चुका) मात्र वेगळा आहे: तो डिस्कचा नसून बहुधा साटा केबलचा दोष असतो. केबल बदला. आकडा शून्यावर परत येणार नाही, तो लिहून ठेवा आणि आठवड्याने वाढलाय का तेवढंच पाहा.